दोन्ही बाजूंना चालणारा कागद : तणावाच्या काळातले सिंगापूर

प्रश्न असा आहे : अमेरिका आणि चीन यांच्यातला ताण वाढत चालला आहे, युक्रेनच्या युद्धाने निर्बंधांचे जाळे पसरले आहे, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनी जहाजांचे मार्ग बदलले आहेत, अशा वेळी सिंगापूरसारख्या व्यापारावरच जगणाऱ्या शहराचा फायदा होतो की तोटा, आणि आज ना उद्या त्याला एक बाजू घ्यावीच लागेल का? माझे काम व्यापार-वित्ताचे, म्हणजे जहाजावर चढलेल्या मालावर बँकेने पैसे द्यावेत की नाहीत हे कागदपत्रे तपासून ठरवण्याचे, आणि गेली काही वर्षे त्यातही मुख्यतः निर्बंध-तपासणीचे, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहाराला मनाई आहे असे कोणी त्या व्यवहारात नाही ना हे पाहण्याचे, आहे. त्यामुळे माझे उत्तर मुत्सद्द्याचे नाही. ज्याच्या टेबलावरून हा तणाव रोज कागदाच्या रूपाने जातो त्याचे आहे. थोडक्यात सांगायचे तर, तणावामुळे सिंगापूरकडे येणारे काम वाढते. परंतु ज्या गोष्टीमुळे ते काम सिंगापूरकडे येते, ती म्हणजे तिथल्या कागदावर दोन्ही बाजूंचा असलेला विश्वास, आणि तणाव नेमका त्यालाच पोखरतो.

या शहराचे आकारमान आधी ध्यानात घ्यावे लागते. सुमारे ७३५ चौरस किलोमीटर भूमी, साठ लाखांच्या आसपास लोकवस्ती, नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून, वीज जवळजवळ सगळी आयात केलेल्या नैसर्गिक वायूवर, आणि आयात-निर्यातीची बेरीज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे तिप्पट. १९६५ साली मलेशियापासून वेगळे व्हावे लागल्यावर या बेटाचा पाठीमागचा मुलूखच, म्हणजे ज्याच्या मालावर बंदर जगते तो प्रदेशच, नाहीसा झाला. पहिले परराष्ट्रमंत्री एस. राजरत्नम यांनी १९७२ मधील एका भाषणात यावरचे उत्तर मांडले होते, की सिंगापूर हे जागतिक शहर व्हावे आणि सगळे जग हाच त्याचा पाठीमागचा मुलूख व्हावा. आजचे आकडे पाहता ते बऱ्याच अंशी खरे झाले आहे. २०२४ मध्ये या बंदरातून ४ कोटी ११ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी पेट्यांच्या मापाने तितके कंटेनर, हाताळले गेले. शांघायनंतर जगात याचाच क्रमांक लागतो. त्याच वर्षी जहाजांना सुमारे साडेपाच कोटी टन इंधन इथे विकले गेले आणि त्या बाबतीत हे बंदर जगात पहिले आहे. या पेट्यांपैकी बहुतांश पेट्या सिंगापूरच्या नसतातच. एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढण्यापुरत्याच त्या इथे थांबतात. ज्या शहराचा व्यवसायच दुसऱ्यांचा माल दुसऱ्यांकडे पोहोचवण्याचा आहे, त्याच्या दृष्टीने जगातील कोणतेही भांडण परके उरत नाही.

फायद्याची बाजू आधी पाहू, कारण ती फसवी आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. त्यामुळे आशिया-युरोप फेरीत दहा ते चौदा दिवसांची भर पडली. २०२४ च्या मे-जूनमध्ये सिंगापूरच्या नांगरतळावर कंटेनर जहाजांची रांग लागली आणि काही जहाजांना धक्का मिळण्यासाठी आठवडाभर थांबावे लागले. याचे कारण केवळ जास्त जहाजे आली एवढेच नव्हते. वेळापत्रक कोलमडले, की जहाजे ठरल्या दिवशी एकेक करून येण्याऐवजी घोळक्याने येतात. उशीर झालेले जहाज पुढची दोन-तीन बंदरे गाळून त्या बंदरांच्या पेट्या सिंगापूरलाच उतरवून मोकळे होते. या पेट्या पुढे नेणारे छोटे जहाजही उशिराच येते. आणि तोपर्यंत धक्क्यामागच्या यार्डात पेट्यांचे ढीग चढत जातात. यार्ड भरले, की एक पेटी काढायला आणखी चार हलवाव्या लागतात आणि क्रेन असूनही काम मंदावते. बंदर चालवणाऱ्या पीएसएने त्या वेळी केपेल टर्मिनलवरचे निवृत्त केलेले जुने धक्के पुन्हा सुरू केले आणि तुआस येथील नव्या बंदराचे धक्के लवकर कामाला जुंपले. वर्षअखेरीस विक्रमी आकडा जाहीर झाला. तो आकडा खरा आहे आणि त्यामागचे कष्टही खरे आहेत. मात्र त्यातला एक भाग इतरत्र झालेल्या मोडतोडीचा आहे, आणि वाढीचा असा भाग टिकाऊ समजून धोरण आखणे धोक्याचे आहे.

पैशाच्या प्रवाहालाही हेच लागू पडते. परकीय चलनाच्या उलाढालीत लंडन आणि न्यूयॉर्कनंतर सिंगापूरचा क्रमांक लागतो, आणि शेजारी अस्थिरता वाढली की संपत्ती इथे येते. परंतु ती कोणाची आणि कशी मिळवलेली, हा प्रश्न तिच्याबरोबरच येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दहा परदेशी व्यक्तींना अटक झाली आणि त्या एका प्रकरणात पुढे तीन अब्ज सिंगापूर डॉलरच्या आसपास मालमत्ता जप्त झाली किंवा गोठवली गेली; तेव्हा शहरातील प्रत्येक बँकेला आपल्या ग्राहकांच्या फायली पुन्हा उघडाव्या लागल्या.

आता कागदाकडे येतो, कारण माझ्या मते खरी लढाई तिथेच आहे. कच्च्या तेलाच्या एका मालावर पतपुरवठा मागणारा अर्ज आला, असे समजा. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, माल चढवल्याचे बंदर मलेशियातले आहे, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर, म्हणजे माल मूळचा कुठला ते सांगणाऱ्या दाखल्यावर, ‘मलेशियन ब्लेंड’ (मलेशियातले मिश्रण) लिहिले आहे, खरेदीदार चीनमधला आहे, कंपनीची नोंदणी निर्दोष आहे आणि लेटर ऑफ क्रेडिटच्या, म्हणजे कागदपत्रे बरोबर असली तर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीच्या, सर्व अटी अक्षरशः पूर्ण झालेल्या आहेत. पूर्वी तपासणी इथेच संपत असे. आता मी जहाजाचा एआयएस संकेत काढतो, म्हणजे जहाज आपले स्थान सतत प्रक्षेपित करते त्याची नोंद. सिंगापूरलगतच्या मलेशियातील जोहोर राज्याच्या पूर्वेकडच्या समुद्रात, बंदरांच्या हद्दीबाहेर, हा संकेत दोन-तीन दिवस गायब असेल, परत दिसला तेव्हा जहाज पाण्यात आधीपेक्षा खोल बसलेले असेल, तर भर समुद्रात दुसऱ्या जहाजातून तेल घेतले गेले असण्याची शक्यता बळावते. मग ते दुसरे जहाज कोणते, त्याचा झेंडा गेल्या वर्षभरात किती वेळा बदलला, त्याचा विमा कोणाकडे आहे, हे पाहावे लागते. चीनच्या सीमाशुल्क नोंदींत मलेशियातून आलेल्या तेलाचे जे प्रमाण दिसते, ते मलेशियाच्या स्वतःच्या उत्पादनाहून कितीतरी मोठे आहे. त्यामुळे निर्बंधाखालच्या देशाचे तेल मलेशियाच्या नावाने जात असल्याची शंका घेणे हे इथे रोजच्या कामाचाच भाग झाले आहे. हे तेल सिंगापूरच्या हद्दीत शिरलेले नसते. परंतु दलाल, विमा-सल्लागार, जहाजाचा व्यवस्थापक, चार्टर पार्टीवर, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याच्या करारावर, सही करणारा आणि पैसे वळते करणारी बँक, यांपैकी कोणी ना कोणी इथे बसलेला असतो, आणि तेवढा एक धागाही शहराचे नाव त्या मालाशी जोडण्यास पुरेसा ठरतो.

निर्बंधाखालचे तेल लपूनछपून वाहणाऱ्या या सावलीतल्या ताफ्याचा धोका कागदापुरताच नाही. १९ जुलै २०२४ रोजी पेद्रा ब्रांका बेटाच्या ईशान्येस ‘हाफनिया नाइल’ आणि ‘सेरेस-१’ या दोन तेलवाहू जहाजांची टक्कर होऊन दोन्हींना आग लागली. यांपैकी दुसऱ्या जहाजाचे नाव त्यापूर्वीच इराणी तेलाच्या वाहतुकीशी जोडले गेले होते. जुनी, विम्याबाबत संशयास्पद जहाजे जगातील अत्यंत वर्दळीच्या एका जलमार्गाच्या तोंडाशी नांगर टाकून उभी राहतात, तेव्हा एखाद्या मोठ्या तेलगळतीचा खर्च कोण भरणार, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या देशांच्याच पदरात पडतो.

तेलाहून अवघड प्रकरण चिपचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप बनवणाऱ्या अमेरिकेतील एनव्हिडिया कंपनीच्या २०२५ च्या आर्थिक वर्षातल्या विक्रीपैकी १८ टक्के विक्रीची बिले सिंगापूरच्या पत्त्यावर फाडली गेली, असे कंपनीच्याच अहवालातून दिसते. मात्र प्रत्यक्ष सिंगापूरला पाठवलेला माल दोन टक्क्यांहूनही कमी होता. अशा प्रगत चिप चीनला विकण्यावर अमेरिकेने निर्बंध घातले असल्याने वरवर पाहणाऱ्याला यात काळेबेरे दिसेल, आणि तसे आरोप झालेही. प्रत्यक्षात मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या आपली खरेदी एका शहरातून करतात आणि माल जगभरातील आपल्या केंद्रांवर परस्पर उतरवून घेतात, ही इथली जुनी आणि सर्वस्वी वैध पद्धत आहे; प्रादेशिक मुख्यालये सिंगापूरला आणण्यासाठी सरकारने दशकानुदशके जे प्रयत्न केले, त्यांचे हे फळच आहे. तरीही त्याच गर्दीत खोटा व्यवहार लपू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिघांवर फसवणुकीचे आरोप ठेवण्यात आले. अशा चिप असलेले सर्व्हर नेमके कोण वापरणार याबाबत पुरवठादारांची दिशाभूल केल्याचा तो आरोप होता, आणि सर्व्हर सिंगापुरातून मलेशियाला गेल्यावर तिथेच राहिले की पुढे गेले हा प्रश्न गृहमंत्र्यांनी उघडपणे मांडला. लक्षात घेण्याजोगी बाब ही, की अमेरिकेचा निर्यात-निर्बंध मोडला असा तो गुन्हा नव्हता; सिंगापूरच्या स्वतःच्या कायद्याखाली खोटे सांगून फसवणूक केल्याचा होता.

हा भेद बारीक वाटेल, पण या शहराची सगळी भूमिका त्यावर उभी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध सिंगापूर कायद्याने अमलात आणते. उत्तर कोरियाशी असलेला व्यापार नोव्हेंबर २०१७ मध्ये पूर्णपणे थांबवला गेला तो त्याच चौकटीत. दुहेरी उपयोगाच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना येणाऱ्या, वस्तूंसाठी २००३ पासून लागू असलेला स्वतःचा सामरिक वस्तू नियंत्रण कायदा आहे. दुसऱ्या एखाद्या देशाने एकतर्फी घातलेला निर्बंध आपल्या भूमीवर राबवण्यास आपण बांधील नाही, असे सरकार स्पष्ट सांगते. मात्र त्याच श्वासात हेही सांगते, की सिंगापूरचे नाव पुढे करून, फसवणुकीने, तो निर्बंध चुकवू दिला जाणार नाही आणि इथल्या कंपन्यांनी आपल्या व्यवहारांवरचा असा परिणाम विचारात घ्यावा. बँकांपुरते बोलायचे तर ही मुभा फार थोडी आहे. डॉलरचे व्यवहार शेवटी न्यूयॉर्कच्या बँकांमधून चुकते होतात, म्हणून जो व्यवहार सिंगापूरच्या कायद्याने चालू शकतो तोही आम्ही अनेकदा नाकारतो. कायदा तटस्थ राहू शकतो. ज्या चलनात हिशेब होतो ते चलन राहू देत नाही. या विषयावरच्या चर्चांत हे क्वचितच सांगितले जाते.

मग बाजू घेण्याचे काय? माझे निरीक्षण असे, की सिंगापूरने आजवर अनेकदा ठाम भूमिका घेतली आहे. फक्त ती एखाद्या देशाच्या गोटात जाऊन घेतलेली नाही. व्हिएतनामने १९७८-७९ मध्ये कंबोडिया व्यापला तेव्हा त्याविरुद्ध आघाडीवर राहणाऱ्यांत सिंगापूर होते. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडावर आक्रमण केले, तेव्हा अमेरिकेशी घनिष्ठ संबंध असूनही सिंगापूरने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तिच्या विरोधात मत दिले. आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर ५ मार्च २०२२ रोजी, सुरक्षा परिषदेचा ठराव नसतानाही, सिंगापूरने स्वतःचे निर्बंध जाहीर केले : लष्करी व दुहेरी उपयोगाच्या काही वस्तूंच्या निर्यातीवर बंदी आणि व्हीटीबीसह चार रशियन बँकांशी व्यवहारांना मनाई. रशियाने लगेच सिंगापूरला ‘अमैत्रीपूर्ण देशां’च्या यादीत टाकले. त्याच वेळी रशियन तेलाच्या व्यापारावर सरसकट बंदी मात्र आली नाही, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. माझ्या दृष्टीने यात दांभिकता नाही. मोठ्या देशाने छोट्या देशाच्या सीमा बळाने बदलू नयेत, हा नियम कोसळला तर सर्वांत आधी बुडणाऱ्यांत सिंगापूरच असेल. तेवढ्या नियमापुरती किंमत त्याने मोजली, आणि त्यापलीकडे दुसऱ्यांच्या आर्थिक युद्धात भरती होणे टाळले.

हा तोल साधला नाही तर काय होते, त्याचे उदाहरण हाँगकाँग आहे. २००४ पर्यंत जगातील पहिल्या क्रमांकाचे कंटेनर बंदर असलेले ते शहर. चीनच्या मुख्य भूमीवरची बंदरे वाढली तशी त्याची घसरण आधीच सुरू झाली होती, हे मान्य. परंतु २०२० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आल्यानंतर अमेरिकेने हाँगकाँगला स्वतंत्र व्यापारी प्रदेश म्हणून असलेली वेगळी वागणूक काढून घेतली आणि तिथल्या मालावर ‘मेड इन चायना’ असे लिहिण्याची अट घातली. शहराचे धक्के, बँका, वकील, इंग्रजीतील कायदा, सगळे जागेवर होते. समोरच्या पक्षाने त्याचा कागद वेगळा मानणे तेवढे थांबवले.

सिंगापूरवर असा दाब दोन्हीकडून येतो. चीन हा २०१३ पासून त्याचा सर्वांत मोठा वस्तु-व्यापार भागीदार आहे, तर अमेरिका सर्वांत मोठी गुंतवणूकदार. अमेरिकी जहाजे आणि विमाने १९९० च्या करारानुसार इथल्या तळांचा वापर करतात आणि त्या कराराची मुदत २०१९ मध्ये आणखी पंधरा वर्षांनी वाढवण्यात आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तैवानमधील सरावाहून परतणारी सिंगापूर लष्कराची नऊ टेरेक्स चिलखती वाहने हाँगकाँगच्या बंदरात अडकवून ठेवली गेली आणि ती जानेवारी २०१७ मध्ये सुटली. ती व्यापारी जहाजातून, इतर पेट्यांबरोबर, नेहमीच्या मार्गाने येत होती. त्यानंतर कोणता माल कोणत्या बंदराला लागणाऱ्या जहाजातून न्यायचा, हा निर्णय केवळ भाड्यावरून घेण्याचे दिवस संपले, असे माझ्या व्यवसायातील बहुतेकांचे मत झाले.

दुसरीकडून आलेला धक्का एप्रिल २०२५ चा. सिंगापूर-अमेरिका मुक्त व्यापार करार २००४ पासून लागू आहे, अमेरिकी मालावर सिंगापूर आयात शुल्क लावत नाही, आणि या व्यापारात आधिक्य अमेरिकेचेच आहे. तरीही दहा टक्के शुल्क लागलेच. दहा टक्क्यांपेक्षा मला अधिक गंभीर वाटली ती ३१ जुलै २०२५ च्या आदेशातील तरतूद : शुल्क चुकवण्यासाठी तिसऱ्या देशातून फिरवलेल्या मालावर चाळीस टक्के. ज्या बंदराचा मुख्य व्यवसायच तिसऱ्या देशाचा माल फिरवणे हा आहे, तिथल्या प्रामाणिक व्यापाऱ्यालाही त्या तरतुदीमुळे आपला माल मूळचा कुठला, त्यावर कुठे किती प्रक्रिया झाली, हे प्रत्येक खेपेला सिद्ध करून दाखवावे लागू लागले. जोहोरमध्ये जोडणी, सिंगापुरात बिल आणि चीनमधले सुटे भाग, अशी साखळी असलेल्या मध्यम आकाराच्या कारखानदाराला हा पुराव्याचा खर्च शुल्काहून जड जाऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये करार झालेल्या जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचे भवितव्यही, जमिनीच्या किमतींपेक्षा, या पुराव्याच्या व्यवस्थेवर जास्त ठरेल असे मला वाटते. १९८९ मध्ये ‘ट्रेडनेट’ सुरू करून सिंगापूरने आयात-निर्यातीचे परवाने एका खिडकीत आणले, तेव्हा उद्देश वेगाचा होता. आता त्याच यंत्रणेकडून मालाच्या कुळकथेची अपेक्षा केली जात आहे, आणि वेग व छाननी यांची ओढाताण आम्हाला रोज जाणवते. माझे मत छाननीच्या बाजूचे आहे. उशिरा निघालेली पेटी ग्राहक विसरतो. खोटा निघालेला कागद समोरची बँक विसरत नाही.

राहिला सर्वांत कठीण प्रश्न, प्रत्यक्ष युद्धाचा. मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुन्या फिलिप्स खाडीपाशी जेमतेम २.८ किलोमीटर रुंद आहेत. त्यांतून जाण्याचा सर्व जहाजांचा हक्क १९८२ च्या सागरी कायदा कराराने दिला आहे आणि किनाऱ्यावरच्या देशांना तो स्थगित करता येत नाही. ज्या परिषदेत हा करार झाला तिचे अखेरच्या टप्प्यातले अध्यक्ष सिंगापूरचेच टॉमी कोह होते, हा निव्वळ योगायोग नव्हता. परंतु हक्क शाबूत असूनही जलमार्ग महाग होऊ शकतो. जून २००५ मध्ये लंडनच्या विमा बाजारातील संयुक्त युद्ध समितीने चाचेगिरीमुळे मलाक्का सामुद्रधुनी युद्ध-जोखमीच्या यादीत टाकली होती; सिंगापूर, मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी एकत्र गस्त वाढवून पाठपुरावा केल्यावर ऑगस्ट २००६ मध्ये ती काढली गेली. तेव्हा तिन्ही शेजाऱ्यांचे हित एक होते आणि उपाय त्यांच्या हातात होता. तैवानच्या सामुद्रधुनीत किंवा दक्षिण चीन समुद्रात संघर्ष पेटला तर तो उपाय सिंगापूरच्या हातात नसेल. जहाजांना धक्के मिळतील, इंधनही मिळेल. पण विमेकरी दर तासातासाला बदलतील, डॉलरमध्ये पैसे कोणाला द्यायचे याची यादी वॉशिंग्टनमधून येईल आणि कोणत्या कंपनीने ती यादी पाळली याची नोंद बीजिंगमध्ये होईल. त्या परिस्थितीत एखाद्या बँकेला किंवा जहाज कंपनीला अमेरिकेचे आणि चीनचे कायदे एकाच वेळी पाळणे शक्य राहणार नाही, आणि सरकारने बाजू घेतली नाही तरी त्या कंपन्यांना आपापल्या पातळीवर ती घ्यावी लागेल. म्हणून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर असे, की सिंगापूरचा निर्णय संसदेतील एखाद्या ठरावाने होण्याची शक्यता मला कमी वाटते. तो इथल्या निर्बंध-तपासणी विभागांत, एकेका मालावर होकार-नकार देत, आधीच सुरू झाला आहे. तुआसचे बंदर २०४० च्या दशकात पूर्ण होऊन साडेसहा कोटी टीईयूंची क्षमता उभी राहील तेव्हा ती भरेल की नाही, हे कळायचे असेल तर आजच्या पेट्यांची संख्या मोजण्यापेक्षा शांघाय आणि न्यूयॉर्क या दोन्हीकडच्या बँका सिंगापूरच्या कागदावर आणखी किती प्रश्न विचारू लागल्या आहेत, हे पाहावे.